हिरव्या घडाचा ध्यास

फळ पिकू नये म्हणून झुरणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो उद्यानविद्या विभागात फळांच्या जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. बाकीचं जग फळ कधी पिकतंय म्हणून टोपलीत डोकावतं. प्राध्यापकांना मात्र केळीच्या सालीवर पिवळा ठिपका दिसला की घास उतरत नसे.

त्याचं असं की, फळ पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि तो लागला की शेजारचं फळही पिकू लागतं. हा वायू शोषून घेणारी एक पूड प्राध्यापकांनी ऐन उमेदीत शोधली होती. घडाशेजारी पुडी ठेवायची, घड हिरवागार राहायचा. निदान कागदावर तरी. शीतखोलीत मात्र पुडीवाला घड आणि बिनपुडीचा घड जुळ्या भावांसारखे एकाच दिवशी पिवळे व्हायचे. मग प्राध्यापक निबंध लिहीत आणि शेवटी म्हणत, “या विषयावर आणखी संशोधनाची गरज आहे.” या एका वाक्यावर त्यांच्या सगळ्या बढत्या झाल्या.

तरी माणूस हटणारा नव्हता. सहायक हलगर्जी करतात असं ठरवून त्यांनी सगळ्यांना हाकललं, शीतखोलीतच खाट टाकली आणि स्वेटरवर स्वेटर चढवून घडांच्या उशाशी पहारा मांडला. पहारा जितका कडक, तितकी केळी लवकर पिवळी.

शेवटी वरून समिती नेमली गेली. या खेपेला घड हिरवा राहिला तर पद्धतीला मान्यता, नाहीतर प्रयोग कायमचा बंद. शीतखोली मग फुलशेतीच्या प्राध्यापकांना मिळणार होती. त्यांना सगळे फुलवाले सर म्हणत. ते तर टेप घेऊनच आले.

“माप घेऊन ठेवतो आपलं. घाई काही नाही, सर.”

“घ्या की. मीही येतो तुमच्या काचघरात, गुलाबांची मापं घ्यायला.”

“तेवढं नको हां! मागे तुम्ही येऊन गेलात आणि माझी फुलं तासाभरात माना टाकून बसली. तुमच्या अंगातच काहीतरी आहे बुवा.”

दुसरा कुणी असता तर दोन शब्द सुनावून मोकळा झाला असता. पण प्राध्यापक पडले शास्त्रज्ञ. अपमानसुद्धा मोजून घेणारे. पुरावा तोंडावर फेकावा म्हणून ते फळं तपासायच्या काचेच्या पेटीत स्वतःच शिरले, गुडघे हनुवटीला लावून बसले आणि वायू मोजायचं यंत्र सुरू केलं. काटा उडाला तो थेट पट्टीच्या टोकाला जाऊन थरथरत राहिला. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यांनी स्वतःच्या जागी पिकल्या सफरचंदांचं अख्खं खोकं ठेवून पाहिलं. काटा निम्म्यापर्यंतसुद्धा चढला नाही.

घरी आले ते पांढरेफटक होऊन.

“अगं, माझ्या अंगातून इथिलीन निघतो.”

“त्याचं नाव नव्हतं मला माहीत,” बायको पोळपाट पुसत म्हणाली. “पण निघतं काहीतरी. तुमच्या स्वेटरात गुंडाळलं की कसलंही कच्चं फळ सकाळपर्यंत मऊ. शेजारच्या वहिनीसुद्धा आणून देतात.”

“वहिनी माझ्या विद्वत्तेला मान म्हणून फळं पाठवतात, असं तूच म्हणाली होतीस!”

“मग काय सांगायचं होतं? ‘भावजींना जरा आमच्या पेअरशेजारी निजवा’ म्हणतात म्हणून?”

“अगं, पण मला सांगायचंस तरी!”

“तुम्ही एवढे संशोधक. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल.”

बिचारी पुडी एका घडाच्या वायूला पुरत होती. तिला अख्खा प्राध्यापक झेपत नव्हता. प्रयोग वाचवायचा तर प्राध्यापकांनी तिकडे फिरकायचं नाही, इतकं ते सोपं होतं. पण ज्या दिवसासाठी सगळी उमर घालवली, त्याच दिवशी आपण तोंड लपवायचं? ते शीतखोलीच्या दारात बराच वेळ घुटमळले, मग आपल्याच श्वासाला भिऊन मागे सरले. आजारपणाची रजा टाकली, किल्ली नाइलाजाने फुलवाल्या सरांच्या हातावर ठेवली आणि वाऱ्याचा रोख पाहून उलट दिशेला चालू लागले.

पाय सवयीने फळबाजारातच घेऊन गेले. एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात रिकाम्या खोक्यावर बसून त्यांनी पेपर उघडला. व्यापारी दगडासारख्या पेअरवरून फोनवर कुणाचा तरी उद्धार करत होता. प्राध्यापकांचं शब्दकोडं सुटेपर्यंत गोदामभर घमघमाट सुटला. दुसऱ्या दिवशी व्यापारी त्यांच्यासाठी चहा घेऊन फाटकात उभा. त्यानंतर प्राध्यापकांना पेपरही विकत घ्यावा लागला नाही.

समिती येऊन गेली त्या दुपारी ते तिथेच बसले होते. फोन वाजला.

“अभिनंदन, सर!” फुलवाले सर ओरडले. “पुडीवाला घड हिरवाकंच, दुसरा पिवळाधमक. पद्धत मान्य!”

प्राध्यापक खोक्यावरून उठलेच. “मग… मी येऊ बघायला?”

“नको! म्हणजे, अहवालातच आहे तसं. समितीच्या अध्यक्षबाईंनी मागचं सगळं तपासलं. सर असले की प्रयोग फसतो, नसले की जमतो. तेव्हा संशोधकांनी हेच सहकार्य पुढेही चालू ठेवावं, असं लिहिलंय.”

“कसलं सहकार्य?”

“न येण्याचं.”

“आणि शीतखोली?”

“मीच बघतोय. पण पाटी तुमच्याच नावाची हां, सर! चांगली मोठ्या अक्षरात करून घेतलीय. रस्त्यापलीकडून वाचता येईल.”

प्राध्यापकांनी फोन ठेवला. ऊर भरून आला होता आणि डोळेही.

“सर, हसायचं की रडायचं ते सावकाश ठरवा,” व्यापारी अदबीने म्हणाला. “तोवर जरा त्या पपयांकडे सरकता का?”

प्राध्यापक सरकले.