पुसलेल्या रेघा

मित्रांनो, जाड भिंतीआड बसवलेल्या म्हाताऱ्याची कोण विचारपूस करतं? मी एक जुनं किरणयंत्र आहे. मुन नदीकाठच्या या इस्पितळात आलो, तेव्हा भिक्षूंनी माझ्यावर पाणी शिंपडलं होतं. आता पोटातला, किरण देणारा कोबाल्ट थकला आहे. पूर्वीच्याच कामाला जास्त वेळ लागतो, आणि पाहुणे आधी शेजारच्या नव्या यंत्राकडे वळतात. चालायचंच.

एकदा खामसिंग नावाचे म्हातारे मासेमार आले. आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला होता. दुखण्यामुळे त्यांना बसवतही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "काका, रोग जाणार नाही. किरणांनी दुखणं मात्र कमी होऊ शकेल."

"बसता आलं तरी पुष्कळ. पुनवेला नातीचं लग्न आहे. तिच्या मनगटाला दोरा मीच बांधणार."

थोरांनी पांढरा दोरा बांधला की जीव देहात स्थिर राहतो, असं आमच्याकडे मानतात.

तंत्रज्ञ ओराथाईने त्यांच्या पोटावर शाईच्या रेघा आखल्या. त्या खुणा पाहूनच मी किरण सोडतो. दुसऱ्या दिवशी सदरा वर केला, तर पोट लख्ख!

"मावशी, रेघा कुठे गेल्या?" ओराथाईने सोबत आलेल्या म्हातारीला विचारलं.

"चिंचेच्या पाण्याने घासून काढल्या की!" त्यांची बायको बुआलाय ऐटीत म्हणाली. "एवढ्या मोठ्या ठिकाणी मळकं पोट घेऊन यायचं होय?"

"अगं बाई! आता सगळं मोजमाप पहिल्यापासून!"

"जन्मभर घासतेय मला," खामसिंग कण्हतच हसले. "कातडी उरली हेच नशीब."

मावशीचा चेहरा मात्र पडला. पुनव जवळ आली होती आणि गुण यायला दिवस लागतात. "माझ्या पायी यांचं बसणं हुकलं तर गं?"

ओराथाई जेवायला गेलीच नाही. दुपारभर मोजून तिने नव्या रेघा आखल्या. मग माझी पाळी आली. खामसिंग दात आवळून निश्चल पडले होते, आणि मला माझ्या म्हातारपणाची लाज वाटत होती. तरुण असतो तर लवकर सोडलं असतं त्यांना.

पुढे कितीतरी दिवस काहीच कळलं नाही. मग एका सकाळी मावशी एकटीच आली.

"बसले गं! दोरा बांधला, नातीच्या हातचा भातही खाल्ला. गेल्या आठवड्यात गेले."

तिने उरलेला दोरा माझ्या लोखंडी हाताला गुंडाळला. यंत्राला काही बांधायची मनाई आहे. ओराथाईने दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "घट्ट बांधा, मावशी."

मित्रांनो, बरं करता येत नाही म्हणून कुणाला वाऱ्यावर सोडू नका. दुखणं हलकं करणं हेही मोठं काम आहे. मलाही लवकरच इथून हलवतील. तोवर ओराथाई मला रोज स्वच्छ पुसते, दोऱ्याची तेवढी जागा सोडून.