एकाच उत्तराचा वर्ग

डिंगोऱ्याजवळच्या एका शाळेत नववीच्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत ‘आय अ‍ॅम अफ्रेड टू’ हे अर्धे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याला एकेकटे बोलावून पुरे करायला सांगितले गेले. दोन मुले वगळता साऱ्या वर्गाने ते एकाच शब्दाने पुरे केले : ‘सिट’. मला बसायची भीती वाटते.

परीक्षक भगवंत डुंबरे नारायणगावचे. त्यांची सारी हयात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली होती. इंग्रजीचे नेमलेले परीक्षक आजारी पडल्यामुळे संस्थेने त्यांना पाठवले होते. त्यांना यात काही वावगे वाटले नाही. विशेषण, त्याच्या पाठीला ‘टू’ आणि मग क्रियापद, एवढा हा पाठ. रचना ठरलेली आणि बरोबर-चूक उघड. रिकाम्या खोल्यांत मोडके बाक कोंबलेले होते, म्हणून त्यांनी मागच्या ओसरीत टेबल मांडले. एका बाजूला स्वतःची खुर्ची, समोर विद्यार्थ्याची. उजेड चांगला होता आणि वर्गातल्यांना ऐकू जाणार नाही इतके अंतरही होते.

पहिल्यापासूनच मुले बसायला तयार नव्हती. “उभंच बरं हाये सर,” असे जवळजवळ प्रत्येकाने म्हटले. डुंबरे सरांना हा ग्रामीण संकोच वाटला. “सरळ बसायचं, हात टेबलावर, नजर माझ्याकडे,” असे त्यांनी प्रत्येकाला बजावले. मुले खुर्चीच्या कडेला टेकली, भराभर उत्तरे देऊन पळाली.

मुख्याध्यापक सावळेराम डोके यांनी निकाल ऐकला आणि मांडीवर थाप मारली.

“घ्या! बाईंनी वर्ग नाय, पोपट पाळलेत राव. एकानं चोच उघडली की बाकीचे तेच!”

इंग्रजीच्या शिक्षिका रुमाना इनामदार दारातच उभ्या होत्या. जुन्नरहून रोज जीपने येणाऱ्या या बाईंची नेमणूक हंगामी होती. परीक्षकाने अहवालात ‘पाठांतर करून घेतले’ असे लिहिले, तर पुढच्या वर्षी त्यांना बोलावले जाणार नव्हते. ही गोष्ट तिघांनाही ठाऊक होती.

“सर, मी हे उदाहरण कधी दिलेलंच नाही,” त्या म्हणाल्या. “मी ‘अफ्रेड टू फ्लाय’ सांगितलं होतं.”

“मग विमान सोडून पोरं खुर्चीला भ्यायला लागली म्हणायची?” डोके हसले. “डुंबरे सर, लिहून टाका. चहा टाकायला सांगतो.”

डुंबरे सर अचंबित झाले होते, पण अचंबा म्हणजे पुरावा नव्हे. उत्तरे त्यांच्या नीट ध्यानात होती. ‘हॅपी टू’ला कुणी आजोळ जोडले होते, कुणी क्रिकेट, कुणी आईच्या हातची भाकरी. ‘रेडी टू’ आणि ‘इझी टू’चीही तीच गत. घोकून घेतलेल्या वर्गाने चारही विशेषणांना घोकलेलीच उत्तरे दिली असती. फक्त एकाच जागी सगळे एका सुरात बोलतात, याला वेगळे कारण हवे. शिवाय वेगळे बोललेली दोन मुले, कशिश आणि स्वराज, दोघेही ओतूरच्या बाजारपेठेत राहणारी. त्यांना काही शिकवायचे राहिले, की इतरांना काही शिकवलेले होते? बाईंनी शिकवलेले नसेल, तर कुणी?

उत्तर सापडेना. पण अहवाल देणे भाग होते. डोके चहा सांगायला गेले आणि डुंबरे सर ओसरीत परतले. ऊन सरकून त्यांच्या खुर्चीवर आले होते. ते समोरच्या, विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसले, टेबलावर वाकले आणि लिहू लागले.

वर्गाच्या खिडकीतून येणारा गलका एकदम थांबला.

त्यांनी मान वर करण्याआधीच एक मुलगी धावत आली आणि तिने त्यांचा दंड धरून त्यांना खेचले. खुर्ची कलंडली. पेन फरशीवर पडले.

“उठा सर! आधी उठा तुमी!”

“संस्कृती!” रुमाना बाई तिच्यामागोमाग धावल्या. “वेड लागलंय का? सरांच्या अंगाला हात लावतेस?”

“बाई, त्यांची पाठ बघा की कुठं व्हती!”

डुंबरे सरांनी वळून पाहिले. ओसरीच्या कडेला कुंपण नव्हतेच. खुर्चीच्या मागे, हात लांब केला तर पाने लागतील इतक्या जवळ, ऊस उभा होता. डोक्यापेक्षा उंच, आत काही दिसू नये इतका दाट. सकाळपासून तो त्यांच्या नजरेसमोर होता. मुलांच्या चेहऱ्यामागची हिरवी भिंत, यापलीकडे त्यांनी त्याची दखल घेतली नव्हती.

“उसाकडं पाठ करून बसायचं न्हाई,” संस्कृती धापा टाकत म्हणाली. “वाकायचं तर अजिबात न्हाई. बसलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत न्हाई. शेरडासारखं दिसतं. आमी रानात भाकर बी उभ्यानं खातो.”

“हे कोणी सांगितलं तुला?”

“सगळ्यांच्या आया सांगतात. पप्पूच्या बहिणीचं झालं तवापासून.”

पप्पू खिडकीत उभा होता. त्याची धाकटी बहीण समृद्धी त्या दिवशी बांधावर बसून शेंगा फोडत होती. भर सकाळ, आई दहा पावलांवर. आईने मान वळवली तेव्हा बांधावर फक्त शेंगा होत्या.

ती बातमी डुंबरे सरांनी वाचली होती. दिवसाउजेडी, माणसांच्या इतक्या जवळ, हे त्यांना अतिरंजित वाटले होते आणि तसे त्यांनी चारचौघांत बोलूनही दाखवले होते. आता त्यांनी कलंडलेली खुर्ची सरळ केली. पण ते तिच्यात बसले नाहीत.

“तुम्ही कुणी मला बोलला का नाहीत?”

“बोललो की सर. उभंच बरं हाये म्हणलं. तुमीच म्हणला, सरळ बसा, हात टेबलावर. मागं बघू दिलं न्हाई. आन् वर इचारलं, कशाची भीती वाटती!”

रुमाना बाईंनी तोंडावर हात धरला. त्याही जुन्नर शहरातल्या. त्यांनाही ही रीत ठाऊक नव्हती.

अंदाज पटला तरी तो तपासायला हवा होता. डुंबरे सरांनी टेबल वर्गात नेले, खुर्ची भिंतीला टेकवली, दार लावून घेतले आणि परीक्षा पुन्हा घेतली. प्रश्न तेच. या वेळी कुणालाही बसायला सांगावे लागले नाही. अफ्रेड टू फेल. अफ्रेड टू स्विम. अफ्रेड टू टेल माय फादर. संस्कृतीने थोडा विचार केला आणि म्हणाली, “आय अ‍ॅम अफ्रेड टू मीट यू अगेन, सर.” मागचे बाक खिदळले. डुंबरे सरांनाही हसू आले, पण ते पुरते ओठांपर्यंत पोहोचले नाही.

पप्पू सगळ्यांत शेवटी आला. भिंतीला टेकलेल्या खुर्चीशेजारी उभा राहिला.

“आय अ‍ॅम अफ्रेड टू सिट.”

डुंबरे सरांनी त्याला बसायला सांगितले नाही. वाक्य निर्दोष होते. त्यांनी पूर्ण गुण दिले.

डोके चहा घेऊन आले तेव्हा अहवाल तयार होता. त्यांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला.

“अहो सर, हे काय? स्वतःच्याच गळ्यात घेताय? बाईंचं निभावायचं तर निभावा, पण दुसरं काहीतरी लिहा की!”

“दुसरं काही घडलेलं नाही,” डुंबरे सर म्हणाले आणि खाली सही केली.

अहवालात लिहिले होते : ‘पाठांतर आढळले नाही. अध्यापन समाधानकारक आहे. उत्तरांतील सारखेपणाचे कारण परीक्षकाने केलेली बैठकव्यवस्था हे होय. परीक्षकाने विद्यार्थ्यांना उसाकडे पाठ करून बसवले आणि त्यांना कशाची भीती वाटते, असे विचारले. विद्यार्थ्यांनी त्या क्षणी जे खरे होते ते सांगितले.’