न मोजलेली हवा

मे महिन्यातला मंगळवार होता. कमलाकांत सरांनी केळव्याच्या वाडीत नारळाच्या आळ्यांना पाणी सोडलं, पत्नीने, विजयाताईंनी, भरून दिलेला डबा घेतला आणि नऊच्या सुमारास ते पालघरजवळच्या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोचले. वर्ग ओस पडले होते. केमिकलच्या तिसऱ्या वर्षाची साठ मुलं सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत विखुरली होती.

इंटर्नशिपचं हे काम अकरा वर्षं सरांकडेच होतं. कंपन्यांच्या दारांत उभं राहून एकेक जागा तेच मिळवत. मुलं निघण्याआधी एप्रिलमध्ये ते तासभर मार्गदर्शन करत. बूट आणि हेल्मेट घातल्याशिवाय आत जाऊ नका, रोजची डायरी त्याच दिवशी लिहा, समजलं नाही तर ऑपरेटरला विचारा, तो तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. सगळं रास्त होतं. पण शेवटी आवाज थोडा खाली आणून ते आणखी एक सांगत, "कंपनीत वाद घालायचा नाही. तुमचं सर्टिफिकेट त्यांच्या हातात आहे आणि पुढच्या वर्षीच्या मुलांच्या जागाही." मुलं हेही वहीत उतरवून घेत.

अकरा वाजता रुचिता तांडेलचा फोन आला. चिंचणीच्या कोळीवाड्यातली ही मुलगी वर्गात फारशी बोलत नसे, पण तिचं प्रॅक्टिकल सगळ्यांत नेटकं असे. रंगाची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला सरांनीच लावलं होतं.

"सर, दोन मिनिटं बोलू का?" ती हळू आवाजात म्हणाली. "इथे एक टाकी धुवायची आहे. आत माणूस उतरणार आहे. त्याआधी आतला ऑक्सिजन मोजून उतरायच्या परमिटवर लिहायचा असतो ना?"

"हो. मग?"

"मीटर दुरुस्तीला गेलाय. धीरज सर म्हणतात, कालचाच आकडा लिही. वीस पॉइंट नऊ टक्के. मी म्हटलं, मोजल्याशिवाय कसं लिहू? तर म्हणाले, 'लिख दो मॅडम, रोज का है.' टाकीत रात्री नायट्रोजन सोडला होता, सर. मला भीती वाटते."

सरांच्या समोर कॉलेजच्या तपासणीच्या फायली पडल्या होत्या. धीरज हा त्या कारखान्याचा प्लांट इन्चार्ज. दरवर्षी चार मुलं घ्यायचा. मागच्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीतल्या मुलाने सुट्टीवरून कुरबूर केली आणि त्या कंपनीने कॉलेजचे फोन घेणं बंद केलं होतं. हे सगळं सरांच्या मनात क्षणभरात येऊन गेलं. नायट्रोजन भरलेल्या टाकीत माणूस दोन श्वासांत कोसळतो, हे ते स्वतः वर्गात शिकवत. तेही मनात आलं. पण ते म्हणाले, "अगं, त्यांची माणसं अनुभवी असतात. झाकण उघडून ठेवलं असेल त्यांनी. लिहून टाक. तीनच आठवडे राहिलेत तुझे."

"बरं सर," ती म्हणाली.

दुपारी त्यांनी डबा खाल्ला. चारच्या सुमारास शिपायाने येऊन सांगितलं, की तारापूरला टाकीत एक कंत्राटी कामगार दगावला. जानू नाव होतं. पूर्वेच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून खाली पडला तो पुन्हा हललाच नाही.

कंपनीने दुसऱ्याच दिवशी खुलासा दिला. प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनीने चाचणी न करता परस्पर नोंद केली, असं त्यात होतं. परमिटवर अक्षर रुचिताचं होतं आणि सहीही तिचीच. धीरजची सही त्या कागदावर कुठेच नव्हती. शिकाऊ मुलांकडून अशा सह्या घेण्यामागचं खरं कारण हेच असतं, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि ते कोणी बोलत नव्हतं.

प्राचार्य प्रतापरावांनी सरांना बोलावून घेतलं. "तिने तुम्हाला काही विचारलं होतं का?"

"मुलांचे फोन येतच असतात," सर म्हणाले.

प्रतापरावांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "मग तेवढंच असू द्या. कॉलेजचं नाव यात यायला नको."

घरी विजयाताईंनी बातमी वाचली होती. जेवायला वाढता वाढता त्यांनी विचारलं, "ती पोर आधी तुम्हाला विचारल्याशिवाय राहिली नसेल. विचारलं होतं ना?"

"नाही," सर म्हणाले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ते बायकोशी लहानसहान खोटं बोललेही असतील, पण या 'नाही'नंतर त्यांना तिच्याकडे पाहवेना. ताट तसंच ठेवून ते उठले. पुढचे सात दिवस ते कॉलेजला जात होते, फायली पुऱ्या करत होते आणि फोन वाजला की दचकत होते. पोलिसांचा फोन कधी ना कधी येईल, रुचिताने आपलं नाव सांगितलंच असेल, असं त्यांना वाटे. फोन आला नाही. त्यांना हायसं वाटायचं आणि त्या हायसं वाटण्याचीच शरम वाटायची.

आठव्या दिवशी ते चिंचणीला गेले. रुचिताची आई सुगंधा अंगणात वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. सरांना पाहून तिने हात पुसले, खुर्ची मांडली आणि आतून चहा आणला.

"बरं झालं आलात सर. पोर आठ दिस भायेर नाय आली," ती म्हणाली. "गावात लोकं बोलतात, शिकवून काय केलंस, मानूस मारलान. हिचा बाप बोटीवर गेलाय, तो पन कोनाशी बोलत नाय. आमी अडानी मानसं. पन तुमी तिला शिकवलंत. तुमीच सांगा, कोनी सांगितल्याबिगर ती असं करंल?"

सरांनी कप खाली ठेवला. "नाही करणार," एवढंच ते म्हणाले आणि आत गेले.

रुचिता खिडकीपाशी बसली होती. त्यांना पाहून ती सवयीने उठून उभी राहिली. त्यांना ते सहन होईना.

"पोलिसांना तू फोनचं सांगितलं नाहीस?"

"नाही, सर."

"का?"

"तुमचं नाव आलं असतं तर पुढच्या मुलांना कंपन्या मिळाल्या नसत्या," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं. आणि आकडा तर मीच लिहिला ना. तुमच्याशी बोलले, फोन ठेवला आणि लिहिला. तो माणूस समोर उभा होता, सर. मला म्हणाला, 'ताई, झालं का? उतरू का?' मी म्हटलं, झालं."

तिला रडू आलं नाही. रडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. आपण या मुलीला तीन वर्षं जे शिकवलं ते सगळं एका वाक्यात पुसून टाकलं, आणि तरी ती आपल्यालाच सांभाळून घेत होती.

त्या रात्री त्यांनी विजयाताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या लवकर निघा."

चौकशी अधिकारी कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात बसत. सरांनी आपला जबाब घरूनच लिहून नेला होता. मंगळवारी अकरा वाजता विद्यार्थिनीचा फोन आला. मीटर नसल्याचं आणि टाकीत नायट्रोजन सोडल्याचं तिने सांगितलं. प्लांट इन्चार्जच्या सांगण्यावरून आकडा लिहावा का, असं विचारलं. मी लिहायला सांगितलं. धोका मला माहीत होता. सोबत फोनची नोंद जोडली होती. सकाळीच सरांनी फोन करून बोलावल्यावरून रुचिताही आली होती. तिने आपला जबाब नव्याने लिहून दिला आणि त्यात स्वतःची चूकही लपवली नाही.

अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. "याने तुमची नोकरी जाऊ शकते, सर. पुढे आरोपही येईल."

"यायलाच हवा," सर म्हणाले.

प्रतापरावांनी त्याच दुपारी इंटर्नशिपचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि घरी बसायला सांगितलं. पण धीरजला जबाबासाठी बोलावणं गेलं, आणि परमिटांच्या मागच्या वर्षभराच्या वह्या जप्त झाल्या. त्यात वीस पॉइंट नऊ हा एकच आकडा दोनशेहून अधिक वेळा निघाला, निरनिराळ्या मुलांच्या अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी सर आणि रुचिता जानूच्या पाड्यावर गेले. त्याची बायको हिरा कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. सरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. रुचिता खाली मान घालून त्यांच्या बाजूला उभी होती.

सगळं ऐकून झाल्यावर हिराने विचारलं, "ते मशीन दुरुस्तीला गेलतं, ते परत कवा येनार व्हतं?"

रुचिता म्हणाली, "दोन दिवसांनी."

"मंग टाकी दोन दिसांनी धुतली असती तर काय बिघडलं असतं?"

सरांनी विचार करून पाहिला. त्यांना खरोखर काही सापडलं नाही. "काही बिघडलं नसतं, हिराबाई."

"मंग ह्ये मला सांगून काय," हिरा म्हणाली. "ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

ती उठून आत गेली. दोघं पाड्यावरून खाली उतरले. रस्त्याला लागताच सर थांबले. इंटर्नशिप अजून संपली नव्हती. एकोणसाठ मुलं त्या क्षणी कुठल्या ना कुठल्या कारखान्यात उभी होती. सरांकडे आता कसलाही अधिकार नव्हता, पण सगळ्यांचे नंबर होते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि यादीतला पहिला नंबर लावला.

"कमलेश, मी कमलाकांत सर बोलतोय. खरं सांग. न तपासलेल्या गोष्टीवर तुझी सही घेतात का रे तिथे?"

पलीकडून यंत्रांचा आवाज येत राहिला. कमलेश बाजूला कुठेतरी चालत गेला असावा, कारण आवाज हळूहळू मंदावला. मग तो म्हणाला,

"रोज घेतात, सर."