ड्रायरमधलं जॅकेट

वस्तू सुकवायची कशी हे जगात कुणाला विचारायचं असेल तर मला विचारावं, असं मी परवापरवापर्यंत छाती पुढे काढून सांगत होतो. कपबश्यांच्या कारखान्यात माझ्याकडे ड्रायर आहे. ड्रायर म्हणजे एक लांबलचक गरम खोली, मातीचे ओले कप भट्टीत जायच्या आधी तिथे सुकतात. सुकताना माती आकसते, म्हणून कप मुळातच थोडा मोठा घडवावा लागतो. नवा माणूस कामाला आला की हे मी त्याला इतक्यांदा ऐकवतो की मला नुसतं येताना बघूनच तो बिचारा मान हलवायला लागतो.

तर असा मी विद्वान, आणि दादाचं लेदर जॅकेट माझ्या ताब्यात.

दादा माझा थोरला भाऊ. ऐन पावसाच्या दिवसांत तो हॉस्पिटलात दाखल झाला. जाताना आजाराबद्दल चकार शब्द बोलला नाही, जॅकेटबद्दल मात्र माझी शिकवणी घेतली. दमट कपाटात कोंडू नकोस, बुरशी धरते. रुंद हँगरला लाव. मधूनमधून हवा दाखव. भिजलंच तर मऊ फडक्याने टिप, सावलीत आपोआप वाळू दे, शेगडी-हीटरजवळ अजिबात नेऊ नकोस, आणि वाळलं की क्रीम चोळ. मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, घ्या, हा आता ड्रायरवाल्याला सुकवायला शिकवतोय.

हवा दाखवायची म्हणून मी ते घालूनच कामावर जायला लागलो. बायको म्हणाली, अहो, थोरल्याचे कपडे धाकट्याने घालायचं वय गेलं, आता टक्कल पडलंय तुम्हाला. मी लक्ष दिलं नाही. दादा माझ्याहून बुटका पण अंगाने आडवा, त्यामुळे खांदे जरा उतरायचे, पण पोटाने मी ती भरपाई केली होती. गेटवरच्या वॉचमनने इतक्या वर्षांत माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तो जॅकेट बघून उठून उभा राहिला. मग काय विचारता, मी रोज हवा दाखवायला लागलो.

एके दिवशी बसमधून उतरलो आणि पावसाने गाठलं. पिशवीत छत्री होती. पण लेदर जॅकेट घालून छत्री उघडणारा माणूस कसा दिसेल, या विचाराने मी ती उघडली नाही. ऐटीत चालत गेलो आणि कारखान्यात पोचेपर्यंत आतल्या बनियनसकट निथळत होतो.

संध्याकाळी पुन्हा वॉचमनसमोरून जायचं होतं. ओलं जॅकेट हातावर टाकून कसं जाणार? मी ते ड्रायरमध्ये नेलं आणि सगळ्यात गरम टोकाला, बश्यांच्या फळ्यांशेजारी टांगलं. मदतनीस बाईंनी विचारलं, चामडं इथे चालेल का? मी त्यांच्यावर डाफरलो. म्हटलं, बाई, म्हैस जन्मभर पावसात भिजते आणि उन्हात वाळते, ती आखडून कधी रेडकू झालेली पाहिलीत का? त्या आपल्या कामाला लागल्या. माझ्याशी वाद घालण्यात त्यांनी कधीच वेळ घालवला नाही.

संध्याकाळी बाहेर काढलं ते लाकूड. खाली ठेवलं तर बाह्या पुढे करून आपलं आपण उभं राहिलं, आणि उंचीला चांगलं चार बोटं कमी झालं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

घरी आम्ही त्याला क्रीम चोळलं, आत उशा कोंबल्या, खुर्चीच्या पाठीवर ताणून बसवलं. ते मऊ झालं, वाढलं मात्र नाही. बायको म्हणाली, तुम्हीच घालून बसा, अंगाने सैल होईल. घातलं. मनगटं बाहेर, पोट बाहेर, आणि वर काखेत असा अडकलो की तिने एक पाय पलंगाला लावून मला ओढून काढलं. ती हसत होती, मी शिव्या घालत होतो, स्वतःलाच.

आणि नेमका तेव्हाच वहिनींचा फोन आला. दादाला सोडणार होते. इतके दिवस जंतूंच्या भीतीने त्यांच्याशिवाय कुणालाच त्याच्याजवळ जाऊ देत नव्हते. त्या सांगायला लागल्या, हे हल्ली आरशात बघत नाहीत, नर्स वजन करायला आली की डोळे मिटून घेतात. पण जॅकेट घालून स्वतःच्या पायांनी बाहेर पडणार, हे एकच धरून बसलेत.

"भावोजी, तेवढ्यावर दिवस काढलेत त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "विसरू नका आणायला."

त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. माझ्या दीडशहाणपणापायी दादाची ती एक इच्छा मातीत जाणार होती. एरवी मी देवाचं नाव घेत नाही, पण त्या दिवसापासून धोशाच लावला. एकदा, फक्त एकदा, हे त्याच्या अंगात जाऊ दे. पुढे काय मला फाडून खायचं ते खाऊ दे.

हॉस्पिटलात मी जॅकेट छातीशी धरून गेलो. कबुली पाठ केली होती, म्हशीचा भाग वगळून. दादा पलंगाच्या कडेला पाठमोरा बसला होता. मी आधी दुसराच कुणी पेशंट समजून पुढे निघालो होतो.

त्याने हाक मारली, जॅकेट हातातून घेतलं आणि वहिनींनी एकेक बाही चढवली. कुठे अडलं नाही. खांदे खांद्यांवर बसले, बाह्या मनगटाशी थांबल्या, चेन खालपासून गळ्यापर्यंत एका झटक्यात वर गेली. मी जे मागत होतो ते जसंच्या तसं मिळालं होतं, आणि मला ते नको होतं. ते फाटलं असतं, दादा माझ्यावर ओरडला असता, तर मी त्याचे पाय धरले असते.

दादा उठून खोलीतल्या आरशाकडे गेला. दोन्ही हातांनी जॅकेट खाली ओढून स्वतःला नीट निरखलं, आणि किती तरी दिवसांनी तो हसला.

"बघ," तो वहिनींना म्हणाला, "डॉक्टर उगाच घाबरवत होते मला. पहिल्यासारखंच बसतंय की."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्या मान हलवून मला सांगू नका म्हणत होत्या.

"काय रे," दादा मला म्हणाला, "उतरलोय का मी?"

"छे," मी म्हटलं. "होतास तसाच आहेस."

डोळे भरून आले ते त्याला दिसू नयेत म्हणून मी त्याची पिशवी उचलली आणि पुढे होऊन दार उघडून धरलं.