वाट कोण सांगतं

"ठेवू की नको, तेवढं सांग," आई म्हणाली. तिच्या हातात नाबोरचा, माझ्या भावाचा फोटो होता.

मृतांच्या दिवसाची मांडणी झाली होती. झेंडूची फुलं, पाव, मधोमध बाबांचा फोटो. नाबोर सफरचंदं तोडायला उत्तरेला गेला, त्याला चार वर्षं झाली होती. तीन वर्षांत पत्र नव्हतं. जिवंत माणसाचा फोटो तिथं ठेवायचा म्हणजे आपल्याच हातांनी त्याला मारायचं. आणि तो खरंच गेला असला, तर फोटोवाचून त्याचा जीव दारातून उपाशी परतणार.

"पाखरं आलीत, त्यांनाच विचार," मी म्हणाले.

आमच्या डोंगरात याच दिवसांत नारिंगी फुलपाखरं उतरतात, फांद्या वाकतात त्यांच्या भारानं. ती आपलीच गेलेली माणसं, असं सगळे मानत. आई तर त्यांना नावानं हाका मारायची. दरवर्षी तीच परत येतात, याबद्दल तिला शंका नव्हती.

त्या वर्षी फुलपाखरांचा अभ्यास करणारी ओफेलिना आमच्याकडे राहिली होती. चुलीपाशी मक्याची पेज पीत ती आईला मानानं हाक मारत म्हणाली, "दोन्या एदुविखेस, ही ती नव्हेत."

"मी काय आंधळी झाले?"

"मार्चमध्ये इथून गेलेली वाटेतच अंडी घालून मरतात. त्यांची पोरं पुढं जातात, महिन्याभरात संपतात. मग नातवंडं. आता आलीत ती पतवंडं, नाहीतर खापरपतवंडं. एकानंही हा डोंगर पाहिलेला नाही."

आईनं पळी खाली ठेवली. "मग यांना वाट कोण सांगतं?"

"नीट कळलेलं नाही अजून."

"एवढं शिकून?"

"म्हणून तर तुमच्या चुलीपाशी बसलेय!"

आई हसली नाही. "अळी असताना आई सांगत असेल."

"अळी अंड्यातून निघते तेव्हा आई कुठली असायला?"

आई चुलीपासून उठली. मग तिनं फोटो पेटीत ठेवला, आणि मांडणीवर एक पाव जास्तीचा, कुणाच्याच नावाचा नाही असा.

दुसऱ्या दिवशी तिनं चुना भिजवला. आमच्या मातीच्या घराला आजवर रंग कसा तो लागला नव्हता.

"हे काय गं आता? नाबोरला घर माहीत नाही का?" मी विचारलं.

"त्याला आहे. त्याच्या पोरांनी कुठं बघितलंय?"

त्रेसष्टाव्या वर्षी शिडीवर चढून तिनं रस्त्याकडची भिंत पांढरी केली, लांबून दिसेल अशी. खालून जाणारे टोमणे मारत होते, "दोन्या, लग्न आहे का कुणाचं?" ती वरूनच म्हणायची, "असलं तर बोलावीन की!"

आई जाऊन सव्वीस वर्षं झाली. त्या रस्त्यानं खूपजण आले, आमच्या घरचं कुणी नाही. दर नोव्हेंबरला मी चुना भिजवते. कोपऱ्यातला पोपडा निघाला, की बोटभर जाड निघतो.

यंदा मला शिडी चढवेना. हात पोचला तिथवर चुना दिला.