माझ्या अंगावरचं सिमेंट

मित्रांनो, वेल्सच्या डोंगरात, मेंढ्यांच्या कुरणापलीकडे उभं असलेलं मी एक जुनं चर्च आहे. आज माझं डोकं फिरलंय, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझ्या भिंती ओढ्यातल्या दगडांच्या, सांध्यांत चुना. वर बुटकं घंटाघर, भोवती गोल आवार, त्यात माझ्याहून जुनी, यू नावाची सदाहरित झाडं. इथवर गाडी येत नाही. शवपेटीसुद्धा खांद्यावरून येते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर डॅफोडिलची पिवळी फुलं ठेवतात. त्याआधी मला चुना लावायचा, अशी इथली रीत. प्रत्येक घराची भिंत ठरलेली. उत्तरेची खालच्या गावातल्या मॉर्फिड म्हातारीच्या घराची. पाऊस भिंतीत मुरायचा आणि चुन्यातून परत उडून जायचा. पिढ्यान्‌पिढ्या माझं काही बिघडलं नाही.

मग मॉर्फिडचा धाकटा भाऊ इद्वल चर्चच्या मंडळात गेला. "दरवर्षी कोण मरमर करणार?" म्हणाला, आणि मला बाहेरून सिमेंट थापून घेतलं. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. माझा मात्र जीव गुदमरला. छपराच्या कडेनं पाणी आत शिरायचं, त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. आतल्या भिंतीवर रंगवलेला जुना देवदूत फुगला आणि पोपडे होऊन फरशीवर पडला. तुळयांची टोकं कुजली. आणि हे म्हणतात, चर्च म्हातारं झालं! संताप येणार नाही तर काय?

परवा मंडळानं दाराला कुलूप घातलं. उन्हाळा संपेपर्यंत भिंती वाळल्या नाहीत, तर मला आवारासकट विकून टाकणार. मॉर्फिडचा नवरा याच आवारात पुरलेला आहे. तिला त्याच्याशेजारीच जायचंय.

काल ती छिन्नी-हातोडी घेऊन चढ चढून आली. मागून धापा टाकत इद्वल.

"अक्का, सोड गं. म्हातारं झालंय ते."

"म्हातारी मीही झालेय. मलाही सिमेंट फासतोस का?"

"लोक हसतील."

"तुला हसतील. थापलंस तू."

ती ठोकत राहिली. शेवटी सिमेंटचा मोठा पापुद्रा सुटला आणि मागचं पाणी इद्वलच्या बुटांवर सांडलं. त्यानं भिंतीला हात लावला. दगड हिरवा पडलेला, चुन्याचा चिखल झालेला. मग तिच्या हातातली छिन्नी घेत म्हणाला, "तू बस. ही भिंत आपलीच आहे."

अजून तीन भिंती बाकी आहेत, आणि त्या भिंतींची घरं खालून नुसती बघताहेत. मित्रांनो, जुन्या वास्तूला जपायचं असेल तर आधी तिची रीत समजून घ्या. माझ्यासाठी हळहळायला येऊ नका. यायचंच असेल तर हातोडी घेऊन या.