दोन सूत

पुठ्ठ्याचा फर्मा उन्हात धरला आणि खाजाभाईच्या काळजात धस्स झालं.

याच फर्म्यानं खुणा करून गल्लीतल्या सुरजच्या मोटारसायकलीची पुढच्या ब्रेकची डिस्क सकाळी भोकं पाडून बसवली होती. पावसात ब्रेक नीट लागतो म्हणे, आणि दिसायला झकास! तुळजापुरात घराच्या पत्र्याखाली ड्रिल मशीन मांडलेल्या खाजाभाईकडं अशी कामं यायचीच. खुणा आणि भोकं मात्र पोरीची, अलिजाची. आयटीआय शिकलेली, हात असा की बापानं गल्लीभर मिरवावं. आणि तो मिरवायचाच, लाज कशाची!

पण फर्म्यावर बाहेरची भोकं पार काठाला चिकटली होती. त्यानं पट्टी लावली. दोन मिलिमीटर.

"अलिजा! काठाला किती सोड म्हनलो व्हतो?"

"दोन सूत. सोडलं की."

"हे दोन सूत? अगं, एक सूत म्हंजी तीन मिलिमीटर! सहा सोडायचं व्हतं!"

अलिजाचं तोंड उतरलं. "मला वाटलं, जुनी मानसं मिलिमीटरलाच सूत म्हनत्यात."

आता चूक कुणाची ते जळो! सुरज बायकोला, प्रतीक्षाला, मागं बसवून सोलापूरला निघाला होता. म्हणजे घाट आला. उतारावर ब्रेक दाबून दाबून डिस्क तापणार, तेवढासा काठ तडकणार, आणि मग... खाजाभाईला पुढचा विचार करवेना.

त्यानं फोन लावला. उचलेना. परत लावला. हा पोरगा गाडीवर फोन घेत नाही, मोठा शहाणा! एरवी कौतुक केलं असतं, आज त्या शहाणपणाचा संताप आला.

सातव्यांदा फोन उचलला. "बोला चाचा. घाटाच्या तोंडाला चहा घेतला, निघालोच बगा."

"निघू नगं! भोकं चुकल्यात, डिस्क काढावी लागंल."

"कुणी चुकवली? अलिजानं?" सुरजचा आवाज चढला. "तरी घरचे म्हनत व्हते, पोरीच्या हातात मशीन..."

"न्हाय," खाजाभाई म्हणाला. "म्या पाडली."

अलिजानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "भाऊ, भोकं मीच पाडली. काठ लई कमी राहिलाय, उतारावर तडकंल. दुसरी डिस्क घेऊन आमी येतो. तुमी पट्टी लावून बगा, मगच बसवते."

पलीकडं सुरज हळूच म्हणाला, "प्रतीक्षा, उतर खाली."